सॉल्व्हर कधी धावणार? एल्मर वापरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एल्मर हे फिनलंडच्या सीएससी या राष्ट्रीय संगणन केंद्राचं फायनाइट एलिमेंटचं (वस्तूचे छोटे तुकडे पाडून भौतिक समीकरणं सोडवण्याचं) सॉफ्टवेअर. काम 1995 मध्ये सुरू झालं आणि 2005 पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. यात उष्णता, प्रवाह, चुंबकत्व, ताण असे हवे तेवढे सॉल्व्हर (एकेक समीकरण सोडवणारे भाग) एका फाइलीत जोडता येतात. जोडणं सोपं असतं. कोणी कधी धावायचं हे ठरवताना मात्र बहुतेक जण अडतात. खालचे प्रश्न मला विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत, आणि दोन-तीन मी स्वतःलाच विचारले होते. उदाहरणं मुख्यतः इंडक्शन हीटिंगची (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवण्याची) आहेत, कारण माझा हात त्यात बसलाय.

सगळे सॉल्व्हर प्रत्येक टाइमस्टेपला (काळाच्या प्रत्येक पायरीला) चालवले तर बिघडलं कुठे?

उत्तर चुकत नाही, फक्त ते मिळायला पुढचा आठवडा उजाडतो.

पोलादी शाफ्ट 10 किलोहर्ट्झच्या कॉइलमध्ये ठेवून पृष्ठभाग कडक करायचा आहे असं धरा. विद्युतप्रवाहाचं एक आवर्तन 0.1 मिलिसेकंदात संपतं, तर तापवायला पाचेक सेकंद लागतात. म्हणजे एका तापवण्यात पन्नास हजार आवर्तनं. ती एकेक करून सोडवायला कोणी बसत नाही. चुंबकीय क्षेत्र हार्मोनिक पद्धतीने, वारंवारता गृहीत धरून एकदाच सोडवायचं, त्यातून किती उष्णता निर्माण होते ते काढायचं आणि ती तापमानाच्या सॉल्व्हरला द्यायची. आता तापमान 0.01 सेकंदाच्या पायरीने पुढे जातंय. एका पायरीत तापमान दोन-चार अंशांनी बदललं, तर पोलादाची विद्युतवाहकता कितीशी बदलणार? मग तोच महागडा चुंबकीय प्रश्न दर पायरीला नव्याने कशाला सोडवायचा?

हे ठरवायचं कुठे?

सिफ फाइलीत (एल्मरला सगळ्या सूचना देणाऱ्या फाइलीत), त्या-त्या सॉल्व्हरच्या विभागात. शब्द आहे 'एक्झेक सॉल्व्हर'. काहीच लिहिलं नाही तर 'ऑलवेज' धरलं जातं. टाइमस्टेप किती आणि केवढे, हे मात्र वर 'सिम्युलेशन' विभागात 'टाइमस्टेप इंटरव्हल्स' आणि 'टाइमस्टेप साइझेस' या जोडीने सांगायचं. ही दोन ठिकाणं नवखे लोक एकमेकांत मिसळतात. घड्याळ वर एकच असतं. खालचा प्रत्येक सॉल्व्हर त्या घड्याळाकडे बघून उठायचं की झोपायचं ते ठरवतो.

(इथे सगळे शब्द देवनागरीत लिहिलेत. फाइलीत ते अर्थातच रोमन लिपीत लागतात.)

पर्याय कोणकोणते?

कामाला येणारे असे: 'बिफोर सिम्युलेशन' म्हणजे अगदी सुरुवातीला एकदा. 'बिफोर टाइमस्टेप' म्हणजे प्रत्येक पायरीच्या आधी. 'ऑलवेज' म्हणजे पायरीच्या पोटात. 'आफ्टर टाइमस्टेप' म्हणजे पायरी पुरी झाल्यावर. 'बिफोर सेव्हिंग' आणि 'आफ्टर सेव्हिंग' हे फक्त निकाल साठवायची वेळ आली की जागे होतात. 'आफ्टर सिम्युलेशन' शेवटी एकदा. आणि 'नेव्हर'. 'बिफोर सिम्युलेशन'ला 'बिफोर ऑल' असंही लिहिलेलं जुन्या फाइलींत दिसेल, गोष्ट एकच.

'बिफोर टाइमस्टेप' आणि 'ऑलवेज' या दोन्हीत सॉल्व्हर दर पायरीला धावतोच. मग फरक काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी कौतुक करतो, कारण न विचारणारे बरेच असतात.

एका टाइमस्टेपच्या आत एल्मर जोडलेल्या समीकरणांभोवती फेऱ्या मारू शकतो. सॉल्व्हर 1, मग 2, मग 3, पुन्हा 1, असं उत्तर स्थिरावेपर्यंत, किंवा 'स्टेडी स्टेट मॅक्स इटरेशन्स'चा आकडा संपेपर्यंत. (नाव 'स्टेडी स्टेट' असलं तरी कालावलंबी सिम्युलेशनमध्येही हाच आकडा लागू होतो. या नावाने कितीकांना फसवलंय.) या फेऱ्यांत फक्त 'ऑलवेज'वाले असतात. 'बिफोर टाइमस्टेप'वाला दाराबाहेर उभा राहतो. तो आपलं काम करून बाजूला होतो आणि आत तापमान कितीही बदललं तरी त्याच पायरीत त्याला पुन्हा कोणी हाक मारत नाही.

त्यामुळे दोन गोष्टी एकमेकींवर घट्ट अवलंबून असतील, तर दोघींना 'ऑलवेज' ठेवा आणि फेऱ्या एकपेक्षा जास्त द्या. अवलंबित्व एकाच दिशेचं असेल तर एकाला बाहेर काढायला हरकत नाही. शाफ्ट तापल्यावर त्यात निर्माण होणारा ताण हे असं उदाहरण. तापमानामुळे ताण येतो, पण ताणामुळे तापमान जवळजवळ बदलत नाही. ताणाचा सॉल्व्हर बिनधास्त 'आफ्टर टाइमस्टेप'ला टाका, किंवा त्याहून बरं म्हणजे 'बिफोर सेव्हिंग'ला.

दर दहा पायऱ्यांनी एकदाच चालवायचं असेल तर?

त्या सॉल्व्हरच्या विभागात 'एक्झेक इंटरव्हल्स' बरोबर 10 असं लिहा.

मोजणी कशी होते ते लक्षात ठेवा. पायरीच्या क्रमांकातून एक वजा करून जो आकडा येतो त्याला दहाने भाग जातो का, हे पाहिलं जातं. म्हणून सॉल्व्हर 1, 11, 21 या पायऱ्यांना धावतो, 10, 20, 30 ला नाही. हे सोयीचंही आहे, कारण पहिल्याच पायरीला त्याचं उत्तर हाती असतं आणि बाकीच्यांना शून्यावर काम करावं लागत नाही.

दुसरं, हे अंतर पायऱ्यांत मोजलेलं आहे, सेकंदांत नाही. पहिल्या टप्प्यात 0.01 सेकंदाची पायरी आणि दुसऱ्या टप्प्यात 0.1 सेकंदाची असेल, तर तोच 10 आकडा आधी 0.1 सेकंद असतो आणि मग न सांगता 1 सेकंद होतो. ज्या भौतिकीसाठी तुम्ही 10 निवडला होता तिला हा बदल ठाऊकच नसतो.

मी तापमानाचा सॉल्व्हर दर दहा पायऱ्यांनी चालवला आणि शाफ्ट तापायलाच तयार नाही. उष्णता बरोबर आहे, पदार्थाचे गुणधर्म बरोबर आहेत. चूक कुठे?

तापमान जवळपास दहापट सावकाश वाढत असेल, बरोबर? या चुकीवर माझेही दोन दिवस गेले आहेत.

तापमानाच्या समीकरणात काळाचं अवकलज (काळानुसार बदलाचा दर) असतं. सॉल्व्हर नवं तापमान वजा जुनं तापमान भागिले टाइमस्टेप असं मांडतो, आणि टाइमस्टेप म्हणजे वरच्या घड्याळाची एक पायरी. पायरी 0.1 सेकंदाची आहे. घड्याळ शंभर पायऱ्यांत 10 सेकंद पुढे गेलं. तापमानाचा सॉल्व्हर मात्र दहा वेळाच उठला आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं की 0.1 सेकंदच गेलाय. त्याच्या हिशेबी एकूण 1 सेकंद. आठवडाभर झोपून उठलेल्या माणसाने कालच झोपलो म्हणावं तसं.

उपाय: त्याच विभागात 'टाइमस्टेप स्केल' हा शब्द घाला आणि त्याला 10 द्या. मग तो उठला की दहा पायऱ्यांचा काळ एका उडीत पार करतो. 'एक्झेक इंटरव्हल्स' आणि 'टाइमस्टेप स्केल' हे आकडे जोडीने बदलायचे. एक बदलून दुसरा विसरलात तर कोणतीही एरर येत नाही. उत्तर येतं, छान गुळगुळीत येतं आणि चुकीचं येतं.

एक बारकावा आणखी आहे. सॉल्व्हर पहिल्याच पायरीला धावतो आणि दहा पायऱ्यांची उडी मारतो. म्हणजे घड्याळात 0.1 सेकंद झालेला असताना त्याचं तापमान 1 सेकंदाचं असतं. तो मागे नसतो, पुढे असतो! सावकाश बदलणाऱ्या गोष्टींत हे चालून जातं, पण प्रयोगात तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलशी आलेख जुळवत असाल तर सुरुवातीची ती सरक याच कारणाने दिसते.

आणि अशा सॉल्व्हरला मी बीडीएफची (मागच्या उत्तरांवरून काळात पुढे जाण्याच्या पद्धतीची) पहिली ऑर्डरच ठेवतो. दुसऱ्या ऑर्डरला मागची दोन उत्तरं लागतात. वगळलेल्या पायऱ्यांतही इतिहास एकेक घर मागे सरकत असेल, तर ती दोन्ही उत्तरं सारखीच होऊन बसतात. अशा वेळी सूत्राचं गणित केलं तर सॉल्व्हर खऱ्या उडीच्या दोन-तृतीयांशच पुढे जातो.

मग चुंबकीय सॉल्व्हरलाही 'टाइमस्टेप स्केल' लावायचं का?

हार्मोनिक असेल तर नाही. त्याच्या समीकरणात टाइमस्टेप येतच नाही, फक्त वारंवारता असते. त्याला वगळल्याने काळाचा हिशेब चुकत नाही, फक्त उत्तर शिळं होतं. कोणताही सॉल्व्हर वगळण्याआधी त्याच्या समीकरणात काळाचं अवकलज आहे का, हे मी आधी पाहतो. असेल तर दोन प्रश्न सोडवायचे असतात: काळाचा हिशेब आणि शिळेपणा. नसेल तर फक्त शिळेपणा.

हिमनद्यांवर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. एल्मर/आइस या शाखेत बर्फाचा वेग स्टोक्स समीकरणांनी काढतात. बर्फ इतका सावकाश वाहतो की जडत्व धरायची गरज नसते, त्यामुळे वेगाला स्वतःची आठवण नसते. आत्ताचा आकार आणि आत्ताचं तापमान दिलं की आत्ताचा वेग मिळतो. पृष्ठभागाची उंची आणि तापमान यांना मात्र आठवण असते.

शिळेपणा कितपत चालतो? पोलादासाठी दर दहा पायऱ्या सुरक्षित आहे का?

770 अंश सेल्सियसच्या जवळ पोचेपर्यंत आहे. तो आकडा ओलांडताना नाही.

लोखंडाचा क्युरी बिंदू सुमारे 770 अंश. त्याखाली पोलाद चुंबकीय असतं, त्यावर नाही. थंड पोलादाची सापेक्ष पारगम्यता (ते चुंबकीय क्षेत्राला निर्वाताच्या किती पट वाट देतं) 100 धरली, तर 10 किलोहर्ट्झला विद्युतप्रवाह पृष्ठभागाच्या जेमतेम 0.2 मिलिमीटर थरात वाहतो. क्युरी बिंदू ओलांडला की पारगम्यता 1 वर येते, रोधकता कितीतरी वाढलेली असते आणि प्रवाह 5 मिलिमीटरच्या आसपास खोल शिरतो. वीस-पंचवीस पटींचा फरक, आणि तोही एखाद्या सेकंदाच्या लहानशा भागात.

आता तुमचा चुंबकीय सॉल्व्हर नेमका तेव्हा झोपलेला असेल, तर तापमानाच्या सॉल्व्हरला जुनाच नकाशा मिळत राहतो: सगळी उष्णता 0.2 मिलिमीटरात. पृष्ठभाग हजार-बाराशेच्या वर उधळतो. मग सॉल्व्हर जागा होतो, उष्णता आत पसरते, आलेखावर एक दात दिसतो. दर दहा पायऱ्यांनी एक दात. तापमानाचा आलेख करवतीसारखा दिसला आणि दातांमधलं अंतर बरोबर 'एक्झेक इंटरव्हल्स'इतकं निघालं, तर दोष मेशमध्ये (तुकड्यांच्या जाळीत) शोधत बसू नका. मी बसलो होतो.

साधा उपाय म्हणजे तीन टप्पे. गरम व्हायच्या सुरुवातीला मोठं अंतर, क्युरी ओलांडताना दर पायरीला, नंतर पुन्हा मोठं. 'एक्झेक इंटरव्हल्स' हा एकच आकडा आहे, म्हणून मी उलटं करतो: अंतर तेच ठेवून मधल्या टप्प्यात टाइमस्टेपच लहान करतो. किंवा सिम्युलेशनचे तीन तुकडे करून रीस्टार्टने (आधीच्या साठवलेल्या निकालापासून पुढे सुरू करून) जोडतो.

आणि कृपया चुंबकीय सॉल्व्हर 'बिफोर सिम्युलेशन'ला टाकू नका. 'कॉइलमधला प्रवाह तर बदलत नाही' हे कारण मी अनेकदा ऐकलंय. प्रवाह बदलत नाही, पण पोलाद बदलतं.

अंतर निवडायचा काही ठोकताळा?

त्या गोष्टीचा स्वतःचा काळ काढा. उष्णतेसाठी जाडीचा वर्ग भागिले विसरणगुणांक. बर्फाचा विसरणगुणांक साधारण एक दशलक्षांश चौरस मीटर प्रतिसेकंद आहे. 100 मीटर जाडीच्या हिमनदीत उष्णता वरून खाली पोचायला तीनशे वर्षांच्या घरात लागतात. एका वर्षात ती सहाएक मीटरच शिरते. मग काही दिवसांच्या पायरीने पृष्ठभाग पुढे नेणाऱ्या सिम्युलेशनमध्ये तापमान दर पायरीला सोडवण्यात काय अर्थ? तळाशी घर्षणाची उष्णता किंवा वितळलेलं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

हवामानशास्त्रज्ञ हे दशकानुदशकं करत आले आहेत. डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलमध्ये टाइमस्टेप सेकंदांत ग्रिडच्या किलोमीटरांच्या सहापट घ्यावा आणि किरणोत्सर्गाची गणना दर किलोमीटरमागे एक मिनिट या हिशेबाने करावी, असा रूढ सल्ला आहे. 12 किलोमीटरच्या ग्रिडला 72 सेकंदांची पायरी आणि 12 मिनिटांनी किरणोत्सर्ग, म्हणजे दर दहा पायऱ्यांनी. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेत कोणाला विचारलंत तर किरणोत्सर्ग दर पायरीला चालवण्याच्या कल्पनेवर ते नुसते हसतील. पण ढग झपाट्याने बदलत असतील तर तेही ते अंतर कमी करतात. शेवटी तोच क्युरी बिंदूचा धडा.

ठोकताळ्यावर विसंबायचं नसेल तर चाचणी सोपी आहे. अंतर निम्मं करा, उत्तर बघा. तुम्हाला ज्या आकड्याशी देणंघेणं आहे, समजा कडक थराची खोली, तो हलला नाही तर झालं.

किती वेळ वाचेल?

समजा एका पायरीत चुंबकीय सॉल्व्हर 90 सेकंद घेतो आणि तापमानाचा 10. दर पायरीला दोन्ही चालवले तर 100. चुंबकीय दर दहा पायऱ्यांनी चालवला तर सरासरी 9 अधिक 10, म्हणजे 19. पाचपट वेग! दर पन्नास पायऱ्यांनी केला तर 11.8. म्हणजे दहावरून पन्नासवर जाऊन शिळेपणा पाचपट वाढला आणि वेळ निम्माही झाला नाही. 20 च्या पुढे जाणाऱ्याला मी आधी हा हिशेब करायला सांगतो.

सॉल्व्हरच्या क्रमांकाने फरक पडतो का?

पडतो. 'ऑलवेज'वाले क्रमांकाने धावतात. सॉल्व्हर 1 तापमान आणि सॉल्व्हर 2 चुंबकीय ठेवलंत, आणि फेरी एकच असेल, तर तापमान कायम मागच्या पायरीची उष्णता वापरतं. आधी कळस मग पाया. पायऱ्या लहान असतील तर चूकही लहान राहते, पण ती पहिल्या ऑर्डरची असते (पायरी निम्मी केली तर चूकही निम्मीच होते). म्हणजे आत कितीही भारी दुसऱ्या ऑर्डरची पद्धत वापरलीत तरी एकूण अचूकता पहिल्याच ऑर्डरची राहते. गणितज्ञ गिल्बर्ट स्ट्रँगने 1968 मध्ये दाखवलेली युक्ती यावर उतारा आहे: पहिल्याची अर्धी पायरी, दुसऱ्याची पूर्ण, पुन्हा पहिल्याची अर्धी. एल्मरमध्ये त्यापेक्षा फेऱ्या वाढवणं सोपं पडतं.

क्षेत्रापासून उष्णता काढणारा सहायक सॉल्व्हर वेगळा असतो, त्याला विसरू नका. मुख्य चुंबकीय सॉल्व्हरला 10 आणि सहायकाला 1 दिलंत तर फक्त वेळ वाया जातो. मुख्याला 10 आणि सहायकाला 7 दिलंत तर उष्णता कोणत्या क्षणाची आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दोघांना एकच आकडा.

पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ताण एक पायरी मागे दिसतो, किंवा पहिल्या फाइलीत शून्यच असतो.

ताणाचा सॉल्व्हर साठवणीनंतर धावतोय. वरातीमागून घोडं. साठवणीसाठीच लागणारी प्रत्येक गोष्ट (ताण, उष्णतेचा प्रवाह, सरासरी) 'बिफोर सेव्हिंग'ला आणि पॅराव्ह्यूसाठी व्हीटीयू फाइल लिहिणारा सॉल्व्हर 'आफ्टर सेव्हिंग'ला ठेवा. मग दोघंही 'आउटपुट इंटरव्हल्स'च्या तालावर चालतात. फाइल लिहिणाऱ्याला 'आफ्टर टाइमस्टेप' दिलंत तर तो दर पायरीला लिहीत सुटतो आणि डिस्क भरली की कळतं.

रीस्टार्टनंतर निकालात उडी दिसते. का?

दोन नेहमीची कारणं. एक, 'बिफोर सिम्युलेशन'वाले सॉल्व्हर प्रत्येक रनच्या सुरुवातीला धावतात, रीस्टार्ट असला तरी. त्यातला एखादा सुरुवातीचं तापमान तयार करणारा असेल तर तो वाचून आणलेलं तापमान पुसून टाकतो. रीस्टार्टच्या फाइलीत त्याला 'नेव्हर' करा. दोन, पायऱ्यांची मोजणी पुन्हा 1 पासून सुरू होते. आधीचा रन 47 पायऱ्यांवर थांबला होता, पुढची चुंबकीय सोडवणूक 51 ला व्हायची होती, ती आता लगेच होते. हे बहुधा चांगलंच, पण दोन रन बिंदूबिंदूने जुळणार नाहीत. जुळवायचेच असतील तर अंतराच्या पटीत थांबा: 50, 60.

'नेव्हर' कशाला असतं? सॉल्व्हर काढूनच टाकला तर?

काढला की बाकीच्यांचे क्रमांक हलतात आणि 'अ‍ॅक्टिव्ह सॉल्व्हर्स'ची यादी चुकते. 'नेव्हर' लिहिणं म्हणजे दिव्याची वायर न कापता बटण बंद करणं. गोंधळ झाला की मी सगळे 'नेव्हर' करतो आणि एकेक चालू करत जातो.

सॉल्व्हर खरंच ठरल्या वेळी धावला की नाही, कसं कळेल?

लॉगमध्ये प्रत्येक सोडवणुकीनंतर 'कम्प्युटचेंज'ची ओळ येते. 'एनएस' अरेषीय फेरीसाठी, 'एसएस' जोडलेल्या फेरीसाठी, आणि शेवटी समीकरणाचं नाव. ग्रेपने (ओळी शोधणाऱ्या आज्ञेने) तुमच्या सॉल्व्हरच्या 'एसएस' ओळी मोजा. शंभर पायऱ्या, अंतर 10, फेरी एक, तर दहा ओळी यायला हव्यात. अकरा किंवा शंभर आल्या तर फाइल पुन्हा वाचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मोठा रन रात्रभर लावण्याआधी मी ते कधीच चुकवत नाही.

ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच कसं करतात?

विचार तोच, जागा वेगळ्या. किरणोत्सर्गाच्या फाइलीत 'सॉल्व्हरफ्रीक' असतो, प्रवाहाच्या किती फेऱ्यांमागे एकदा किरणोत्सर्ग. पिंपल या पायरीच्या आत फेऱ्या मारणाऱ्या पद्धतीत टर्ब्युलन्स (प्रवाहातली खळबळ) मूळ सेटिंगनुसार फक्त शेवटच्या बाहेरच्या फेरीत सुधारला जातो. जास्त वेळा हवा असेल तर 'टर्बऑनफायनलइटरओन्ली' बंद करावं लागतं. मोजमापं काढणाऱ्या फंक्शन ऑब्जेक्टना 'एक्झिक्यूटकंट्रोल' आणि 'राइटकंट्रोल' असे दोन स्वतंत्र नळ आहेत. तिथलं 'अ‍ॅडजस्टेबलरनटाइम' मला एल्मरपेक्षा आवडतं: अंतर सेकंदांत सांगायचं, आणि टाइमस्टेप आपोआप बदलणारा असेल तर तो थोडा आखडून बरोबर त्या क्षणावर पाय ठेवतो.

सिफ फाइलीतल्या कीवर्डमध्ये कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी बिघडतं का?

नाही. स्पेलिंगने बिघडतं.